मुक्ताने नाव सांगितले
(ऑकलंड येथील जयंती समारंभातील भाषण)



स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवरून क्रांतिज्योती सावित्रीबाईंना वंदन केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या शाळेत ज्या मुलींनी अक्षरे गिरवली, त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो. आज आम्ही त्यांतील एकीविषयी बोलणार आहोत. तिचे नाव मुक्ता साळवे.

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. मुक्ता तेथील विद्यार्थिनी, मांग समाजातील, वय अवघे १४ वर्षे. 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा ग्रंथ कोणता, आणि ग्रंथच नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगमहारांची कशी गत होई, इमारतींच्या पायांत कोणाला पुरले जाई, केवळ वाचता येते म्हणून कशी शिक्षा होई, हेही तिने लिहिले. आमच्या मते सर्वांत भेदक भाग वेगळाच आहे. बाळंतपणाच्या वेळी आमच्या स्त्रियांच्या डोक्यावर साधे छप्पर नसते, हे ती लिहिते. हे एका मुलीलाच सुचावे! आणि अखेरीस ती आपल्याच समाजाकडे वळून, ज्ञान हेच औषध आहे, असे सांगते.

तिच्या धर्मविषयक प्रश्नाला नागपुरात उत्तर मिळेपर्यंत १०१ वर्षे लोटली.

आपण ज्या देशात राहतो, तेथेही मुलींना उच्च शिक्षण सहजासहजी लाभले नाही. १८७४ साली केट एजर या तरुणीने गणिताच्या शिष्यवृत्तीसाठी न्यूझीलंड विद्यापीठाकडे अर्ज केला. त्यात वय लिहिले, पात्रता लिहिली. आपण स्त्री आहोत, एवढेच लिहिले नाही. अर्ज मंजूर झाला. १८७७ साली याच ऑकलंड शहरात त्यांना पदवी मिळाली. या देशातील त्या पहिल्या महिला पदवीधर. त्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. पण केटबाईंना एक गोष्ट न सांगता दार उघडता आले. मुक्ताने मात्र आपली जात, आपले दुःख, सारे उघड मांडून दारावर थाप दिली.

हा फरक आम्ही मुद्दाम सांगतो. इथल्या भारतीय मेळाव्यांत आजही सहज म्हणून आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, आणि आपल्या कित्येक घरांत मुलींना, 'विषय बदल' असे शिकवले जाते. आईबापांची काळजी आम्ही जाणतो. तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जी मुलगी विद्यापीठात अव्वल येते, तिने सभेत मात्र गप्प राहावे, हे शिक्षण अर्धेच नव्हे काय?

म्हणून एक विनंती. मुक्ताचा निबंध काही पानांचाच आहे. तो या वर्षी घरोघरी मोठ्याने वाचावा, आणि वाचन मुलींनीच करावे. ज्यांना मराठी लिपी अवघड जाते त्यांच्यासाठी त्याचा इंग्रजी अनुवाद १९९१ साली निघालेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे. पुढील कार्यक्रमात ज्या मुलीला त्यावर बोलावेसे वाटेल, तिला व्यासपीठावर पहिली जागा द्यावी, पाहुण्यांच्याही आधी.

जय भीम!