समुद्राचं पाणी वर किती येतं?

समुद्राचं पाणी आडवं वाहतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ते खालून वरही येतं. पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंत आणि पुढेही खोलातलं गार पाणी हळूहळू चढतं. किती हळू? प्रवाह दिवसात वीस-पंचवीस किलोमीटर जातो, तेवढ्या वेळात हे जेमतेम एखादा मीटर चढतं. होडी तर लाटेवर काही सेकंदांत तेवढी वरखाली होते! म्हणून ही चाल थेट मोजता येत नाही. अंदाजच बांधावा लागतो.

एक अंदाज वाऱ्यावरून. स्वीडनच्या एकमन यांनी १९०५ मध्ये गणितानं दाखवलं, की उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. केरळात किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वारा सुटला की पाणी किनारा सोडून जातं आणि रिकामी जागा खालचं पाणी भरतं. गोव्याकडे मात्र नुसता वारा पुरत नाही. बंगालच्या उपसागरातून भारताला वळसा घालून येणाऱ्या लांब लाटांचाही हात असतो.

दुसरा अंदाज तापमापकाचा, आणि मला तोच जवळचा. समजा, २३ अंशांचं पाणी एप्रिलमध्ये ९० मीटरवर सापडलं आणि जुलैत ३० मीटरवर. नव्वद दिवसांत साठ मीटर, म्हणजे रोज साधारण ६५ सेंटिमीटर. ऊन आणि घुसळण यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, पण तापमापक खाली सोडावाच लागतो. पुन्हा सांगतो, खाली सोडावाच लागतो.

विद्यार्थी उपग्रहाचा नकाशा दाखवून म्हणतात, 'सर, इथे पाणी गरमच आहे.' अरे, उपग्रहाला वरची कातडीच दिसते! पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी गोव्याजवळ वर पसरतं आणि गार पाणी त्याच्याखाली पाच-दहा मीटरवर दडून राहतं. त्यात प्राणवायू फार कमी असतो, कधी कधी तळाशी उरतच नाही. तळाच्या मासळीला तिथे राहवत नाही. गोव्यातल्या कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन पाणी काढलं, म्हणून हे कळलं. असं नेमानं पाणी काढणारे लोक हवेत, आणि त्यांच्यासाठी बोटी.

खोल महासागराचं राहिलंच. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी १९६६ मध्ये प्रशांत महासागरातलं तापमान, क्षार आणि किरणोत्सारी कार्बन यांवरून तिथली चाल काढली. दिवसाला साधारण एक सेंटिमीटर. ते कसं, ते पुढच्या वेळी.