अडगळींतली पायपेटी

गिरगांवांतल्या एखाद्या जुन्या घरीं जिन्याखालीं पायपेटी आढळली, तर ती भंगाराच्या भावानें काढण्यापूर्वीं श्रोत्यांनीं तिचा भाता एकदां चालवून पाहावा.

हें वाद्य मूळ युरोपांतलें. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबेंनें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. भाता पायांनीं चालत असल्यामुळें दोन्ही हात सुरांकरितां मोकळे राहतात, आणि पायाच्या दाबानें सूर फुलवितां येतो. ऑर्गन हा तिचा चुलतभाऊ. पेटींत वारा आंतून बाहेर लोटला जातो, तर ऑर्गनांत बहुधा बाहेरून आंत ओढला जातो, म्हणून त्याचा सूर अधिक मऊ. मराठी संगीत रंगभूमीनें दोघांनाहि घरचें मानलें. १९११ सालीं मुंबईंत रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’चे संगीतकार गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते.

पेटींतून मींड निघत नाहीं, तिचा गांधार तंबोऱ्याशीं जुळत नाहीं, हे आक्षेप खरेच. त्यांपायीं नभोवाणीनें १९४० पासून तीन दशकें तिला दार बंद केलें होतें. त्याच नभोवाणीवरून आज तिची वकिली व्हावी, हा काळाचा विनोद!

पारख करतांना लाकडाची झिलई पाहूं नये. भाता भरून एकच सूर दाबावा व तो किती वेळ टिकतो तें ऐकावें. लवकर विझला, तर बहुधा भात्याचें कापड वा चामडें फाटलेलें असतें. तें बदलतां येतें. पावसाळ्यांत फुगून अडकलेली पट्टीहि मोकळी होते. पितळी जिभांचें मात्र तसें नाहीं. जीभ टोंकाशीं घासली कीं सूर चढतो, मुळाशीं घासली कीं उतरतो, आणि घासून गेलेलें पितळ परत येत नाहीं. तेव्हां हौशी माणसाच्या हातीं कानस देऊं नये.