त्याच नावाचा दुसरा माणूस



सैन्यातून निवृत्त झालेला माणूस माईकसमोर उभा राहिला, की लोक एकतर लढाईच्या गोष्टीची वाट बघतात, नाहीतर शिस्तीवरच्या प्रवचनाची. आज दोन्ही नाही. आज मी दुपारच्या मालिकांबद्दल बोलणार आहे. हसा, हरकत नाही. आमच्या घरातही हसले.

प्रश्न साधा आहे. एखादी मालिका दहा-वीस-तीस वर्षं चालते. त्यातला एखादा नट सोडून जातो, आजारी पडतो, वारतो. निर्माता त्याच पात्राच्या जागी दुसरा माणूस उभा करतो. नाव तेच, घर तेच, बायको तीच, चेहरा मात्र वेगळा. जुने प्रेक्षक चिडतात. हे चिडणं खुळेपणाचं आहे, की त्यात काही तथ्य आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तथ्य आहे. आणि ते मला टीव्हीने नाही, छावणीतल्या आयुष्याने शिकवलं.

१९९१ नंतर स्टार टीव्ही आपल्याकडे आला आणि बघता बघता केबलवाल्यांच्या वायरी छावण्यांच्या भिंतींवरूनही लोंबू लागल्या. स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ लागायची, ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ लागायची. दोन्ही अमेरिकेच्या दुपारच्या मालिका. ‘बोल्ड’ तिकडे सीबीएसवर २३ मार्च १९८७ ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. लॉस एंजेलिसमधलं फॉरेस्टर नावाचं कपड्यांच्या धंद्यातलं कुटुंब. बाप एरिक, आई स्टेफनी, थोरला मुलगा रिज, आणि त्या घराण्यात एकामागून एक लग्नं करणारी ब्रूक. आमच्या ऑफिसर्स कॉलनीत अर्ध्या बायकांना ही वंशावळ स्वतःच्या सासरपेक्षा जास्त पाठ होती.

मी तेव्हा या सगळ्याची थट्टाच करायचो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आमची बदली दर दोन-तीन वर्षांनी. भटिंडा, जोधपूर, सिकंदराबाद, मग पुन्हा उत्तरेकडे. काळ्या ट्रंका भरायच्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घालायचं, मालगाडीच्या डब्यात चढवायच्या. नव्या ठिकाणी मिळालेलं घर सरकारी, सोफा एमईएसचा, त्याच्या पायावर रंगवलेला नंबर. शेजारीण नवी, शाळा नवी, दूधवाला नवा, मोलकरणीची भाषा नवी. माझ्या सौभाग्यवतीने पंधरा वर्षांत नऊ स्वयंपाकघरं लावली. त्या सगळ्यात एकच दिवाणखाना बदलत नव्हता: फॉरेस्टरांचा. टीव्हीचं खोकं उघडून वायर जोडली की स्टेफनी तिथेच बसलेली, ब्रूकला टोचून बोलत. सौ. एकदा म्हणाली होती, “या बाईचा स्वभाव वाईट आहे, पण निदान तिची बदली होत नाही.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. प्रेक्षक मालिकेत गोष्ट शोधत असतो असं आपण धरून चालतो. दुपारच्या मालिकेत गोष्ट फारशी नसतेच. आठवड्यातले पाच दिवस चालणारा कारखाना तो, गोष्ट कुठून पुरणार? लोक ओळखीची माणसं बघायला येतात. अमेरिकेत ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ नावाची मालिका होती. २ एप्रिल १९५६ ला पहिला भाग. हेलन वॅग्नर नावाच्या नटीने त्यात नॅन्सी ह्यूज या गृहिणीचं काम केलं, आणि २०१० मध्ये वारेपर्यंत ती त्या पात्राशी जोडलेली राहिली. चोपन्न वर्षं! २२ नोव्हेंबर १९६३ ला तिचाच प्रवेश चालू असताना तो मध्येच तोडून केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी दिली गेली. ज्या बाईला तुम्ही अशा दिवशीही बघत होतात, तिच्या जागी उद्या दुसरीला उभी करून ‘ही नॅन्सी’ म्हटलं तर चालेल का? मालिका वॅग्नरबाईंच्या पाठोपाठ त्याच वर्षी सप्टेंबरात संपली, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

आता फौजेकडे येतो, कारण तिथला नियम बरोबर उलटा आहे. पलटणीत सीओच्या ऑफिसात एक लाकडी फळा असतो. पलटण उभी राहिल्यापासूनच्या सगळ्या कमांडिंग ऑफिसरांची नावं आणि तारखा. साधारण दोन-अडीच वर्षांनी एक नाव वाढतं. हँडिंग ओव्हर, टेकिंग ओव्हर, सह्या, बडा खाना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माणूस त्याच खुर्चीत. जवान कोणाला सलाम करतो? खुर्चीला. हे असंच असलं पाहिजे, नाहीतर लढाईत सीओ पडला की पलटणही पडेल. माझा सगळा पिंड या शिकवणीवर पोसलेला. म्हणून मालिकेत नट बदलला की मी म्हणायचो, “अपॉइंटमेंट महत्त्वाची, माणूस येतो-जातो.”

पण त्या फळ्यावर सगळी नावं एकाच आकाराची असली, तरी लंगरमध्ये ती तशी नसतात. संध्याकाळी जवान बोलतात तेव्हा ‘वो वाले सीओ साब’ असा एकच असतो. बाकीच्यांचे हुकूम पाळले जातात, गोष्टी मात्र त्याच्याच सांगितल्या जातात. जुन्या प्रेक्षकाचं तेच आहे. नवा नट तो स्वीकारतो, हुकूम म्हणून. आठवण मात्र जुन्याचीच काढतो.

रिज फॉरेस्टरचं उदाहरण घ्या. पहिल्या भागापासून रॉन मॉस हा नट ते काम करत होता. उंच, दाढी घोटलेली, ती प्रसिद्ध हनुवटी. पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये त्याने मालिका सोडली. वर्षभर रिज पडद्यावर नव्हताच. आणि डिसेंबर २०१३ मध्ये थोर्स्टन काये हा नट ‘रिज’ म्हणून दारातून आत आला. दाढीवाला, घोगऱ्या आवाजाचा, चालण्याबोलण्याची पद्धतच निराळी. नक्कल करायचा प्रयत्नसुद्धा नाही. आपल्याकडे तोपर्यंत स्टार प्लस कधीच हिंदी झालं होतं. सौ.ने हा बदल पुढे इंटरनेटवर पाहिला आणि दोन दिवस मला ऐकवलं, “हा कोणी तिसराच आहे. हा त्या घरात शिरला कसा?” आमच्या मुलीने मात्र मालिका मोठेपणी बघितली, तिला जुने भाग दाखवले तर ती विचारते, हा मॉडेल कोण? एकाच घरात, एकाच पात्राचे दोन मालक. आणि दोघी बरोबर आहेत.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कायेने नक्कल केली नाही हे त्याने चांगलंच केलं. नवा सीओ आधीच्याची मिशी ठेवून आला तर पलटण त्याला हसते. पण निर्मात्यांनी रिजला वर्षभर नजरेआड ठेवलं, हेही तितकंच चांगलं केलं. मधला काळ लागतो. सोमवारी एक चेहरा आणि मंगळवारी दुसरा, आणि वर फक्त निवेदकाचा आवाज की अमुक पात्राची भूमिका आता अमुक साकारत आहेत, हे मला प्रेक्षकाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं.

मुलांच्या बाबतीत तर या मालिका आणखी निर्लज्ज. रिजची मुलगी स्टेफी १९९९ मध्ये मालिकेत जन्मली आणि २००८ मध्ये चांगली घोडनवरी होऊन आली. बाळ जिन्याने वर झोपायला जातं आणि उतरतं ते कॉलेजकुमार होऊन. लोक याची टिंगल करतात. मला हे कधीच अतर्क्य वाटलं नाही. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. मी गेलो तेव्हा मुलगी बोबडं बोलत होती, सुट्टीवर आलो तेव्हा दारामागून अख्ख्या वाक्यात विचारत होती, “आई, हे काका राहणार आहेत का?” तिच्या बाजूने बघा. तिच्याकडे फोटोतले बाबा होते, कपाटावर ठेवलेले, गुळगुळीत गालांचे. आणि हा काळवंडलेला, दाढी वाढलेला माणूस सांगतो, मीच तो. बाकी सगळे मान डोलावतात. अशा वेळी मुलाने लगेच विश्वास ठेवावा अशी सक्ती करू नये. चार दिवस द्यावेत. मला पाच लागले. पाचव्या दिवशी तिने माझ्या हातून दूधभात खाल्ला.

याच्या उलट टोक म्हणजे ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. त्यात रोमन ब्रेडी नावाचा पोलीस. वेन नॉर्थरॉप हा नट सोडून गेला, तेव्हा १९८६ मध्ये ड्रेक होगेस्टिन आला आणि प्लॅस्टिक सर्जरीचं निमित्त करून तोच रोमन ठरला. पाच वर्षं लोकांनी त्याच्यावर जीव लावला. १९९१ मध्ये नॉर्थरॉप परत आला! मग लेखकांनी जाहीर केलं की मधला माणूस रोमन नव्हताच, त्याच्या डोक्यात रोमनच्या आठवणी भरल्या होत्या. त्याचं नाव जॉन ब्लॅक. पुढे हाच जॉन इतका लोकप्रिय झाला की होगेस्टिनने ते काम काही दशकं केलं. आणि रोमन? १९९७ पासून तिसराच नट. लेखकांची ही कसरत मी कागदावर मांडून बघितली, नकाशावर तुकड्या हलवतात तशी. हास्यास्पद आहे, पण त्यात एक सभ्यपणाही आहे. ज्याच्यावर प्रेक्षकांनी पाच वर्षं प्रेम केलं, त्याला ‘तू खोटा’ म्हणून हाकललं नाही. त्याला स्वतःचं नाव दिलं.

काही पात्रं मात्र कोणाच्याही हवाली करू नयेत. सूझन फ्लॅनरीने निवृत्तीचं ठरवलं तेव्हा, २०१२ मध्ये, स्टेफनीला कर्करोगाने मरू दिलं. तेही कुठे, तर जन्मभराच्या वैरिणीच्या, ब्रूकच्या मिठीत. आणि सॅली स्पेक्ट्रा! लाल केसांची, मोठ्या आवाजाची, फॉरेस्टरांची डिझाइन्स चोरणारी. डार्लीन कॉन्ली ही नटी २००७ मध्ये वारली. सॅलीचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. पात्राला मारलंही नाही. ती कुठेतरी दूर मजेत राहते असं ठेवलं. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, तिच्याच भावंडाची नात आणली, लाल केसांची, नाव सॅली स्पेक्ट्रा. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. आजीचं नाव नातीला ठेवायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. नाव पुढे चालतं, पण नातीला कोणी आजी म्हणून पाया पडायला सांगत नाही.

आपल्या मालिका आता दुपारच्या राहिल्या नाहीत, रात्रीच्या जेवणाच्या झाल्या. पण प्रश्न तोच. मराठीत ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे गेली आणि पुन्हा रसिकाकडे आली, प्रेक्षकांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण शनाया ही खोडकर पात्राची खुर्ची होती, कोणीही नीट बसावं. पण ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली, त्यात रोहिणी हट्टंगडींच्या जागी आशाताई म्हणून दुसरं कोणी? बेळगावपासून इंदूरपर्यंत एकाही घराने ऐकलं नसतं. ‘तारक मेहता’ची दयाबेन २०१७ मध्ये गेली ती गेली. निर्माते इतकी वर्षं ती जागा रिकामी ठेवून बसले, यावरून काय ते समजा.

आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा मिहीर. अमर उपाध्याय सुरुवातीचा. तो मेला म्हणून देशभर सुतक पाळल्यासारखं झालं होतं. मग थोडे दिवस इंदर कुमार, मग रोनित रॉय, आणि रोनित रॉयनेच हे ओझं २००८ ला मालिका संपेपर्यंत सर्वांत जास्त काळ वाहिलं. २०२५ च्या जुलैत मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा तुळशी म्हणून स्मृती इराणी आणि मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्याय. मालिकेच्या लेखी मधला माणूस जणू नव्हताच. फौजेत असं झालं तर? फळ्यावरचं सर्वांत लांब कारकिर्दीचं नाव पुसून पहिलंच नाव पुन्हा खाली लिहिलं तर? मला हे पटलेलं नाही. ज्यांनी पहिल्या मिहीरसाठी डोळे पुसले त्यांचा हक्क मान्य आहे. पण नंतरची वर्षंही कोणीतरी बघितली होती. रोज, भाजी निवडत, मुलांना गप्प करत.

सौ.चं म्हणणं याहून सोपं आहे. ती म्हणते, दोघांनाही आणायचं होतं, एकाला मिहीर आणि दुसऱ्याला जॉन ब्लॅक. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी विचारा. रिजबद्दलचे प्रश्न मात्र तिला, ती पहिल्या रांगेत बसली आहे.