छापण्याची किल्ली



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रकावर वाचून काही मंडळींनी आम्हांस विचारले की, बोनस आणि पगारवाढ यांवर बोलणाऱ्या माणसाला हे पोर्टलचे खूळ कोठून लागले? प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले, आणि संगणक तर आम्ही पन्नाशीच्या जवळ आल्यावर युनियनच्या कचेरीत तरुण पोरांच्या शेजारी बसून शिकलो. त्यामुळे यंत्राच्या पोटातले आम्हांस फारसे कळत नाही. पण फळ्यावर कोणी लिहायचे, लिहिलेले कोणी पुसायचे आणि भांडण झाले तर कोणाला जबाबदार धरायचे, हे मात्र आमच्या रोजच्या धंद्यातले प्रश्न आहेत. आणि पोर्टल हा शेवटी एक फळाच आहे.

पूर्वी चावडीवर फळा असे. आता ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संस्था, शाळा, युनियन असा ज्याचा त्याचा फळा मोबाईलवर दिसतो. सभेची नोटीस, कर्जाचा दर, भरतीची जाहिरात, सगळे तेथेच. खडूच्या जागी आता सदस्यनाव आणि पासवर्ड आले, एवढाच फरक. परंतु चावडीवर खडू हाती घेणारा माणूस चार लोकांना दिसत असे. येथे तो दिसत नाही. सगळ्या घोटाळ्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

तुमच्या-आमच्या घरातले उदाहरण घेऊ. जमिनीचे खरेदीखत झाले म्हणजे लगेच सातबाऱ्यावर नाव चढते काय? चढत नाही. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफाराची नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते, एक प्रत चावडीवर लागते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त म्हणून वेगळ्या नोंदवहीत जाते. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील ही रीत आहे. आता हे सारे संगणकावर होते, तरी नोंद धरणारा हात आणि प्रमाणित करणारा हात वेगळेच राहिले आहेत. हे दोन्ही हात एकाच माणसाचे असते, तर शिरूर तालुक्यातल्या भावकीने काय काय करून ठेवले असते याची कल्पना तुम्हीच करा!

ज्या कारागिरांनी पोर्टले बनवली त्यांना हे पुरते ठाऊक होते. २००३ साली निघालेली वर्डप्रेस नावाची प्रणाली आज जगातली पुष्कळ संकेतस्थळे चालवते. तिच्यात माणसांच्या पाच पायऱ्या मुळातच ठरवून दिल्या आहेत. तळाशी नुसता सभासद. तो वाचतो आणि आपली माहिती सांभाळतो. त्याच्या वर मजकूर देणारा. तो लिहितो, पण छापू शकत नाही, आणि एकदा छापले गेले की स्वतःच्या मजकुरालाही त्याला हात लावता येत नाही. त्याच्या वर लेखक. तो आपले लिखाण आपण छापतो. मग संपादक, तो कोणाचेही लिखाण दुरुस्त करतो, छापतो किंवा काढतो. आणि सर्वांच्या वर व्यवस्थापक. कोणाला कोणत्या पायरीवर बसवायचे हे तो ठरवतो. म्हणजे सोय फुकट आणि तयार आहे. मग आपल्याकडे काय होते? पाचही पायऱ्या ओस पडतात आणि सगळी संस्था मिळून शेवटच्या पायरीवर जाऊन बसते. पासवर्ड एक, आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. कपाट उघडे.

यातून काय घडते ते सांगतो. औद्योगिक वसाहतीच्या आसपास काम करणाऱ्या एका कामगार संस्थेची गोष्ट आहे; तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिची सर्वसाधारण सभा होती, आणि विषय नाजूक होता : कंत्राटी कामगारांना कर्ज द्यावे की नाही. आदल्या रात्री पोर्टलवर नोटीस झळकली की सभा पुढे ढकलली आहे. रात्रपाळीची माणसे सकाळी निवांत झोपली, खेड्यांतली माणसे निघालीच नाहीत. सभा मात्र ठरल्या वेळी झाली आणि ठराव कंत्राटी कामगारांच्या विरुद्ध गेला. बोभाटा झाला, चौकशी लागली. पोर्टलने साक्ष दिली की नोटीस 'अ‍ॅडमिन' ने टाकली. अ‍ॅडमिन कोण? पाच माणसे ते एकच नाव वापरत होती. चौघे पदाधिकारी होते, पाचवा कंत्राटावर ठेवलेला संगणक चालवणारा पोरगा. चौघांनी हात झटकले, आणि पोराची नोकरी गेली.

त्याचे प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही वर्षानुवर्षे कामगारांच्या चौकश्यांत बसलो आहोत. आरोप खोटा असेल तर तो खोडायला हजेरी, गेटपास, मशीनची नोंद असे काहीतरी सापडते. येथे काहीच नव्हते. पोरगा दोषी आहे असे त्यांना दाखवता येईना, आणि तो निर्दोष आहे असे आम्हांला दाखवता येईना. अशा वेळी निकाल कोणाच्या बाजूने लागतो हे कामगाराला सांगावे लागत नाही.

म्हणून आमचे तरुण कार्यकर्ते जेव्हा म्हणतात की, "प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड, वर केलेल्या कामाची नोंद, ही तर आमच्यावर पाळत झाली," तेव्हा आम्ही त्यांना हजेरी कार्डाची आठवण देतो. कंत्राटी कामगाराला हजेरी कार्ड दिले जात नाही ते काय त्याच्यावरच्या प्रेमाने? कार्ड नसले की तो कामावर होता हेच सिद्ध होत नाही. अपघात झाला तर तो त्या फाटकाच्या आत नव्हताच असे म्हणता येते. स्वतःच्या नावाचा पासवर्ड हे त्या पोराचे हजेरी कार्ड होते, आणि ते त्याला कोणी दिलेच नाही.

छापण्याच्या कामात नाव असणे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात काही नवी नाही. १८६७ च्या छापखान्याच्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे भाग पाडले. त्या जागी २०२३ चा नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. परक्या सरकारचा हेतू अर्थातच माणूस पकडता यावा हा होता. पण नाव देण्यातली जोखीम आपल्या संपादकांनी कशी उचलली ते पाहा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' यांच्याकडे आली. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविरुद्ध ही पत्रे हाती धरून लिहिले गेले; पुढे पत्रे बनावट ठरली. पत्रे पुरवणारे दुसरेच होते. तरी १८८२ साली शिक्षा झाली ती 'केसरी' चे संपादक आगरकर आणि 'मराठा' चे संपादक टिळक यांना, चार महिन्यांची, आणि त्यांतले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. छापायला परवानगी देणारा हात कोणाचा याविषयी तेथे कसलाच संशय नव्हता.

कोणी म्हणेल, 'मूकनायक' चे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या त्या पाक्षिकावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. चालक होते डॉ. आंबेडकर, जे त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. खरे आहे. परंतु भटकरांनी ती जबाबदारी जाणून घेतली होती, आणि घेणारा कोण हे लोकांना दिसत होते. 'अ‍ॅडमिन' या नावाला ना घर ना दार. त्याला कोणता तुरुंग, आणि त्याला कोणता मान?

आता, जबाबदारी ठरली म्हणजे प्रश्न संपला असे मात्र नाही. आधी तपासून छापावे, की छापून मग तपासावे? याची दोन मोठी मराठी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. एक मराठी विश्वकोश. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तो उभा केला. पहिला खंड १९७६ साली निघाला. आता त्याचे काम पोर्टलवरही चालते. तेथे जाणकाराने लिहायचे, दुसऱ्या जाणकाराने तपासायचे, आणि मगच नोंद वाचकांपुढे यायची. पुष्कळ नोंदींच्या शेवटी लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव असते. हे आम्हांस फार आवडते. तपासणाऱ्यानेही आपले नाव खाली घालावे, म्हणजे तपासणी नीट होते.

दुसरे उदाहरण मराठी विकिपीडियाचे. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणजे महाराष्ट्र दिनीच. तेथे रीत उलटी : कोणीही लिहावे, लिहिलेले ताबडतोब दिसावे, आणि मागाहून इतरांनी पाहावे. शब्दही किती आपले आहेत! नवख्याने हात बसवायला 'धूळपाटी', गप्पांना आणि वादांना 'चावडी', निर्णयाला 'कौल', आणि आपोआप काम करणाऱ्या यंत्राला 'सांगकाम्या'. लेख काढून टाकणे, गोंधळ घालणाऱ्याला रोखणे, पान कुलूपबंद करणे ही कामे 'प्रचालक' करतात, आणि प्रचालक नेमण्याचा अधिकार 'स्वीकृती अधिकारी' यांच्याकडे. पण लेखाच्या माथ्यावरचा इतिहास उघडला, की कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नावाने कोणता शब्द बदलला ते कोणालाही वाचता येते. लेख बिघडवणे सोपे, आणि पूर्ववत करणेही तितकेच सोपे. गाव जागे असेल तर अशी व्यवस्था चालते. गाव झोपलेले असेल तर चालत नाही.

आपल्या संस्थांना काय लागू पडते? आमचे मत असे की एकच पट्टी सगळ्याला लावू नये. सभेची नोटीस, निवडणुकीचा कार्यक्रम, पैशाचा आकडा हे विश्वकोशाच्या रीतीने : एकाने लिहावे, दुसऱ्याने मंजूर करावे, आणि दोघांची नावे दिसावीत. चेकवर दोन सह्या लागतात त्यात कोणाला अपमान वाटत नाही. सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालच्या एका निबंधात हेच तत्त्व मांडले : जेथे धोका तेथे दोन किल्ल्या, आणि ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार, वर एक कणही नाही. आमच्या पतसंस्थांच्या खजिनदारांना हे संगणकावाचून कळत होते. उलट सभासदांचे लेख, तक्रारी, पाळीवरचे अनुभव हे शक्य तितके मोकळे असावेत.

मंजुरीची खुर्ची ठेवली की तेथे बसणारा हळूहळू टोलनाका उघडतो, आणि हा धोका आमच्या लेखी खोट्या नोटिशीपेक्षा लहान नाही. लेख नाकारला असे तो कधी म्हणत नाही; तो मसुद्यात पडून राहतो. कामावरच्या एखाद्या बाईने कारखान्यात स्वच्छतागृह नाही म्हणून लिहिलेले चार ओळींचे पत्र महिना महिना मसुद्यात पडून असते, आणि पुढाऱ्याच्या सत्काराचे छायाचित्र संध्याकाळच्या आत झळकते. नकार दिला तर भांडता येते. मसुद्याशी कसे भांडणार? १८८७ साली सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद विकोपाला गेले तेव्हा आगरकरांनी 'केसरी' सोडला, आणि पुढच्याच वर्षी आपला 'सुधारक' काढला. आगरकरांना ते जमले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली, कारण १८८० पासून 'दीनबंधु' त्यांच्या हाती होता. आपल्या पाळीवरच्या बाईला कोठले पत्र काढता येणार? तिच्यासाठी फळा एकच आहे. तेव्हा आम्ही असा नियम मागतो : मसुदा आल्यापासून सात दिवसांत छापावा, किंवा नाकारण्याचे कारण नावानिशी लिहावे, आणि त्यावर तिला कार्यकारिणीकडे दाद मागता यावी. मंजुरी देणाऱ्याला मुदत नसली तर त्याच्या हाती नकाराधिकार दिल्यासारखेच होते.

पुसण्याचा अधिकार तर सर्वांत थोड्यांना द्यावा. चुकीची नोटीस निघाली तर ती गुपचूप नाहीशी करू नये. तिच्यावर 'रद्द' असे लिहून खाली खरी नोटीस लावावी, म्हणजे काल काय लागले होते ते उद्या दाखवता येते. आणि कामाची नोंदवही व्यवस्थापकालाही पुसता येऊ नये, कारण शंका घ्यायची वेळ येते ती बहुधा त्याच्यावरच.

राहता राहिली किल्ली परत घेण्याची गोष्ट. सरचिटणीस बदलला की चार्जची यादी होते : शिक्का, चेकबुक, पावतीपुस्तके, कपाटाची किल्ली. पासवर्ड त्या यादीत नसतो. संस्था सोडून तीन तीन वर्षे झालेली माणसे अजून घरी बसून तिच्या फळ्यावर लिहू शकतात, आणि हे कोणाच्या गावीही नसते. विकिपीडियाच्या जगात दोन वर्षे काहीच काम न करणाऱ्या प्रचालकाचा अधिकार काढून घेण्याची रीत आहे. त्यात राग-लोभ नाही. आमच्या युनियनच्या चार्जच्या यादीत आता एक ओळ वाढवली आहे : 'पोर्टलवरील नाव बंद केले', तारीख आणि दोघांच्या सह्या.

आणि सर्वांत खालची किल्ली तर आणखी वेगळीच असते. पोर्टलचे जे नाव आपण मोबाईलवर टंकतो, ते नाव दरवर्षी पैसे भरून नोंदलेले असते. ते संस्थेच्या नावावर आहे, की ज्याने पहिल्यांदा पोर्टल बनवून दिले त्या दुकानदाराच्या किंवा कोणा पदाधिकाऱ्याच्या भाच्याच्या नावावर आहे? ज्याच्या नावावर ते आहे, तो उद्या फळाच उचलून घरी नेऊ शकतो. मग पाच पायऱ्या कितीही नीट बांधलेल्या असोत. उद्या सकाळी आपापल्या संस्थेच्या कार्यालयात जा आणि या वर्षीच्या नोंदणीची पावती दाखवा म्हणावे. पहिल्यांदा चहा येईल. चहा घ्या, आणि पावती पुन्हा मागा.