हेब्रन गावची सातवी पायरी

(मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले.)



मागे पापडाचे पीठ कुटताना ज्यू आणि अरब यांच्या लढाईची गोष्ट निघाली. 2023 सालच्या ऑक्टोबरात हमासच्या लोकांनी इस्राएलात शिरून सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास धरून नेली. मग इस्राएलने गाझावर जो मारा केला त्यात हजारो, हजारो माणसे गेली, त्यांत बायका-मुले किती तरी. त्यावर आपल्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "त्यांचे मुळातच साप-मुंगुसाचे वैर. हजारो वर्षे चाललेय, चालायचेच." अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तुम्ही वाचत असता, तर यावर तुम्हीच बोला.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. साऱ्या जगाचा इतिहास सांगण्याचा आव मी आणणार नाही. एकाच गावाची हकीकत सांगते.

गावाचे नाव हेब्रन. जेरुसलेमच्या दक्षिणेस तीसएक किलोमीटरवर, डोंगरात. तेथली द्राक्षे आणि काचेची भांडी नावाजलेली. अरब लोक या गावाला अल-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र. हेब्रू नावाचे मूळही 'मित्र' या शब्दातच आहे असे पुष्कळ जण सांगतात. हा देवाचा मित्र म्हणजे ज्यूंचा अब्राहम, मुसलमानांचा इब्राहिम.

अब्राहमाची बायको सारा, आणि हागार ही तिची दासी. साराला मूल होईना म्हणून तिने आपणच हागार नवऱ्याला दिली. हागारला इस्माएल झाला, आणि पुढे उतारवयात साराला इसहाक. मग त्या घरात काय झाले असेल ते बायकांना वेगळे सांगायला नको! हागारला पोराला घेऊन रानात जावे लागले. ती पाण्यासाठी वणवण धावली, तिच्या आठवणीने मक्केचे यात्रेकरू आजही सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालतात. इस्माएलचा वंश अरबांचा आणि इसहाकाचा ज्यूंचा, असे मानतात. पण बाप वारला तेव्हा दोघे भाऊ एकत्र आले आणि दोघांनी मिळून त्याला हेब्रनच्या गुहेत पुरले, असे ज्यूंच्या धर्मग्रंथातच लिहिले आहे. भांडणाच्या वेळी ही ओळ कोणी काढीत नाही.

त्या गुहेवर दोन हजार वर्षांपूर्वी हेरोद राजाने मोठ्या दगडांची भिंत बांधली. पुढे आत कधी चर्च झाले, कधी मशीद. 1266 साली बेबर्स नावाच्या सुलतानाच्या कारकिर्दीत ज्यूंना आणि ख्रिस्त्यांना आत जाण्याची बंदी झाली. ज्यूंनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत यायचे, त्यापुढे नाही. (माझीही मजल सातवीपर्यंतच, त्यामुळे त्या पायरीविषयी मला जरा आपुलकी वाटते.) ही बंदी थेट 1967 सालापर्यंत, म्हणजे सातशे वर्षे चालली. तेव्हा पूर्वी सारे गुण्यागोविंदाने नांदत होते असे मी म्हणणार नाही. मुसलमानी राज्यात ज्यूंना आपला धर्म राखता येई, पण त्यासाठी वेगळा कर द्यावा लागे आणि बरोबरीचा मान नसे.

तरीही युरोपातल्यापेक्षा ते पुष्कळ बरे. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना तुर्कांच्या राज्यात आसरा मिळाला. काही घराणी पुढे हेब्रनला येऊन राहिली. चौकाभोवती खेटून घरे, मध्ये त्यांचे प्रार्थनामंदिर. आपल्या जुन्या वाड्यांसारखीच वस्ती. बाहेर अरबी बोलायचे, बाजारहाट अरबांशी. पुढे तेथे ज्यूंचा एक दवाखाना निघाला. त्याला हदासा या संस्थेचे नाव मिळाले. हदासा म्हणजे अमेरिकेतल्या ज्यू बायकांनी 1912 साली काढलेली संस्था, आपल्यासारखेच मंडळ म्हणा ना, फक्त पुष्कळ मोठे. त्या दवाखान्यात औषध ज्यूला मिळे तसेच अरबालाही मिळे.

मग बिघडले कुठे? युरोपात छळ सोसून कंटाळलेले ज्यू आपल्या पूर्वजांच्या भूमीत परत यायचे म्हणू लागले. 1917 साली इंग्रज सरकारने त्यांना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर देण्याचे वचन दिले. तेथे राहणाऱ्या अरबांना विचारले कोणी? बोटी भरभरून माणसे येऊ लागली, जमिनी विकत घेतल्या जाऊ लागल्या, आणि अरब कुळांना वाटू लागले की आपल्या पायाखालची जमीन जाते आहे. म्हणजे आजचे हे भांडण सारा-हागारच्या काळचे नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षांचे, घराचे आणि जमिनीचे आहे.

1929 च्या ऑगस्टात जेरुसलेमच्या पवित्र भिंतीवरून तंटा पेटला. ज्यू आता अल-अक्सा मशीद घेणार अशी आवई उठली आणि हेब्रनला पोचली. 24 ऑगस्ट, शनिवार, ज्यूंच्या विश्रांतीचा वार. जमाव घराघरांत शिरला. 67 ज्यू मारले गेले. त्यांत दूर देशाहून धर्म शिकायला आलेले विद्यार्थी होते. हदासाच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे अरबांना औषध देणारा औषधवालाही होता. गावात इंग्रज पोलीस अधिकारी अवघा एक.

पण त्याच दिवशी त्याच गावात दोन डझनांवर अरब कुटुंबांनी ज्यूंना आपल्या घरांत लपवले. एका म्हाताऱ्या अरबाने तर शेजाऱ्याच्या उंबऱ्यातच ठाण मांडले. त्याच्या पायावर वार झाला, तरी तो हलला नाही, असे त्या वाचलेल्या कुटुंबाने सांगून ठेवले आहे. गावातले बहुसंख्य ज्यू वाचले. मारणारे शेजारी आणि वाचवणारेही शेजारी! त्या दिवशी दार उघडावे की नाही हे ठरवायला घरातल्या बाईला किती वेळ मिळाला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाचलेल्यांना इंग्रजांनी जेरुसलेमला नेले. 1931 साली काही घरे परतली. 1936 च्या दंग्यात तीही उठली.

पुढचे तुम्ही ऐकलेले आहे. हिटलरने साठ लाख ज्यू मारले. 1947 साली संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनची फाळणी ठरवली, 1948 साली इस्राएल झाले आणि युद्ध पेटले. सुमारे सात लाख अरबांची घरे सुटली. कित्येकांनी कुलपांच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. उलट बगदादेहून 1950-51 साली एक लाखाहून अधिक ज्यू पिढीजात घरे टाकून इस्राएलला गेले. आपल्या कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, तेही पुष्कळसे तिकडे गेले. मात्र त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते, हे लक्षात असू द्यावे.

1967 च्या युद्धात हेब्रन इस्राएलच्या ताब्यात आले आणि सातव्या पायरीची बंदी उठली. पण पाठोपाठ दुसरी गोष्ट झाली. 1968 साली वल्हांडणाच्या सणासाठी म्हणून काही ज्यू तेथल्या हॉटेलात उतरले, ते सण झाल्यावर जाईनात. 1979 साली दहाएक बायका मुलांना घेऊन रात्रीच्या हदासाच्या त्या जुन्या इमारतीत शिरल्या आणि तेथेच राहिल्या. त्यांचे म्हणणे, आमच्या माणसांना मारून काढले, ती जागा आमची. हे म्हणणे खोटे कसे म्हणावे? पण मग ज्या अरबाचे घर 1948 साली गेले त्याची किल्ली कोणी ऐकायची? 1929 च्या घराण्यांतल्या वंशजांचेही यावर एकमत नाही. त्यांतल्या काहींनी जाहीर सांगितले की हे वसाहतवाले आमचे वारस नव्हेत.

25 फेब्रुवारी 1994 ला, रमजानात, नमाज पढणाऱ्या 29 मुसलमानांना एका ज्यू डॉक्टरने त्या गुहेवरच्या मशिदीत गोळ्या घातल्या. डॉक्टरने! त्यानंतर मुख्य बाजाराचा शुहादा रस्ता अरबांना हळूहळू बंद होत गेला. 1997 च्या करारात गावाचे दोन भाग पडले. जुन्या बाजारात गल्लीवर तारेची जाळी ताणलेली आहे. वर ज्यूंची घरे, खाली अरबांची दुकाने, आणि वरून टाकलेला केरकचरा, दगड त्या जाळीत अडकून राहतो.

त्या पवित्र वास्तूचेही 1994 नंतर दोन भाग झाले. एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला ज्यूंचे मंदिर. दारे वेगळी, दारावर शिपाई. वर्षातले दहा दिवस सगळी वास्तू ज्यूंची, दहा दिवस सगळी मुसलमानांची. इसहाक आणि त्याची बायको रिबेका यांची थडगी मशिदीकडे आली, याकोब आणि लेआ यांची मंदिराकडे. हागार तेथे कुठेच नाही. अब्राहमाचे थडगे मधल्या दालनात आहे. त्याला दोन्हीकडून जाळीची खिडकी आहे, आणि ज्यूही त्यातून पाहतात, मुसलमानही पाहतात.