एक न आवडलेली कादंबरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



'यंदा वाचलेले पुस्तक' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले. आवडलेल्या पुस्तकांवर इतरजणी बोलतीलच. मी न आवडलेल्या पुस्तकावर बोलते.

पुस्तक इंग्रजी आहे. २००८ साली बुकर पारितोषिक मिळवणारे अरविंद अडिगा यांची 'सिलेक्शन डे' ही २०१६ सालची कादंबरी. ती हाती घेतली ती दहिसरच्या ओढीने. आपण दिंडोशीकर मालाडला गाडीत बसलो की कांदिवली, बोरिवली आणि मग दहिसर. म्हणजे गोष्ट शेजारचीच. तिथल्या वस्तीत राहणारा, चटण्या विकणारा मोहन कुमार आपल्या राधा आणि मंजू या दोन मुलग्यांना क्रिकेटवीर करायला निघतो. आई घर सोडून गेलेली. एक धनिक मुलांच्या पुढच्या कमाईत हिस्सा ठरवून पैसे पुरवतो.

हे अशक्य कोटीतले नाही. त्याच वर्षी जानेवारीत कल्याणच्या रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. त्या दिवशी किती बापांची नजर बॅटवरून आपल्या मुलाकडे वळली असेल!

मग मला रुचले नाही ते काय? बाप मुलांची अंगे तपासतो, दाढी करण्यावरसुद्धा बंदी घालतो, आणि लेखक हे अशा चुरचुरीत विनोदाने सांगतो की मी हसले. मग माझीच मला लाज वाटली. बापाने चटणी विकावी, परंतु लेखकाने मुलांच्या दुःखाची चटणी करू नये.

धाकट्या मंजूला विज्ञानाची गोडी आहे, आणि त्याचे मन जावेद नावाच्या मित्राकडे ओढ घेते. हे लिहिले म्हणून माझी तक्रार नाही. अशा प्रेमाला गुन्हा म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी थांबवले. आपणही नाक मुरडणे थांबवावे. तक्रार एवढीच की, त्या घाबरलेल्या पोराजवळ बसून "बाळ, काय झाले?" असे विचारणारे मायेचे माणूस मला त्या पुस्तकात भेटले नाही.

हे मी तावातावाने सुनेला सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, गेल्या उन्हाळ्यात मैदानावर त्या बापाने मुलाच्या थोबाडीत मारली, तेव्हा तुम्ही काय विचारलेत?"

मी निरुत्तर झाले. तेव्हा मी भाजीची पिशवी सावरून पुढे निघाले होते.

कादंबरी मला आजही आवडत नाही. परंतु जे माणूस मला पुस्तकात भेटले नाही, ते त्या मुलालाही मैदानावर भेटले नव्हते. आणि ते माणूस मला होता आले असते.

म्हणून एक सुचवते. दर रविवारी सकाळी आपल्यापैकी दोघींनी मैदानाच्या कडेला जाऊन बसावे. मुलांना पाणी द्यावे, नावे विचारावीत, कोणी कोपऱ्यात रडत असेल तर जवळ जावे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक मंडळाच्या फळ्यावर ठळक लिहावा.

पहिल्या रविवारी मी जाते. माझ्याबरोबर कोण येणार, ते चहाच्या वेळी सांगा.