चाकांची अदलाबदल



आता गावोगावी मोटारी झाल्या आहेत. कुणी घरची गाडी ठेवतो, कुणी भाड्याने चालवतो. टायरांना पैसा फार लागतो. म्हणून आज आपण टायरांविषयी बोलू.

ड्रायव्हर मंडळींत एक वाद नेहमी चालतो. एक म्हणतो, "पुढची चाकं मागं घाला, मागची पुढं. टायर जास्त टिकतात." दुसरा म्हणतो, "कशाला तो उद्योग? त्यानं चारी टायर एकदमच घ्यावे लागतात." आम्ही म्हणतो, दोघांचेही थोडे थोडे खरे आहे.

लहान मोटारींत बहुधा इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. वळण्याचे कामही त्यांचेच. ब्रेक दाबला की भारही पुढे येतो. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. अदलाबदल केली की काम चौघांत वाटले जाते. चारी टायर सारखे झिजतात. मात्र रबर काही वाढत नाही. टायर बरोबरच संपतात. त्यासाठी दरमहा थोडा पैसा बाजूला टाकावा.

आता आपली चप्पल पाहा. पाय वाकडा पडत असला, तर नवी चप्पलही वाकडीच झिजते. टायरचेही तसेच आहे. एकाच कडेने झिजला, तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेली असते. मधोमध झिजला, तर हवा जास्त झाली. दोन्ही कडांनी झिजला, तर हवा कमी पडली. आधी हा दोष काढावा. दोष तसाच ठेवून चाके बदलली, तर चांगला टायरही खराब होतो. मग अदलाबदलीने नुकसानच!

साधारण ८ ते १० हजार किलोमीटर झाले, की चाके बदलावीत. टायरवर बाण असेल, तर डावीकडचा टायर डावीकडेच ठेवावा. फक्त पुढचा मागे न्यावा.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. पावसाचे पाणी या खाचांतून बाहेर जाते. खाच नसली, तर गाडी पाण्यावरून घसरते. ब्रेक दाबूनही थांबत नाही. असा टायर पुढे घाला की मागे, धोका तोच. तो काढूनच टाकावा.

गाडीत आपलीच माणसे बसतात. टायर बाजारात मिळतो, माणूस मिळत नाही.